खडूच्या रेघा आणि कवडसे

तीन वर्षांपूर्वी मी आमच्या बैठकीच्या खोलीत जंगल उभारले होते. एका भिंतीवर ताडाच्या पानांचा वॉलपेपर, समोरच्या भिंतीला गडद हिरवा रंग, खिडकीखाली प्लॅस्टिकच्या हिरवळीचा तुकडा, कपाटावरून सोडलेल्या कापडी वेली आणि कोपऱ्यात विजेवर चालणारे छोटेसे कारंजे, असा सगळा जामानिमा होता. छायाचित्रात ती खोली फार देखणी दिसे. प्रत्यक्षात तिथे अर्धा तास बसले की उठून बाहेर जावेसे वाटे, आणि बाहेरचा मोकळेपणा घरात यावा म्हणून सजवलेल्या खोलीतून बाहेर पळावेसे वाटणे यापरते अपयश ते कोणते?

कारण कळले ते तापाने तीन दिवस त्याच खोलीतल्या दिवाणावर पडून राहिले तेव्हा. सकाळी सातला त्या पानांच्या भिंतीकडे पाहिले, दुपारी पाहिले, दिवेलागणीला पाहिले. ती जशीच्या तशी होती. छापलेल्या पानांची सावलीसुद्धा छापलेलीच होती आणि ती कायम डावीकडे पडलेली होती, कारण ज्या क्षणी ते छायाचित्र घेतले गेले त्या क्षणी सूर्य उजवीकडे होता आणि आता तो तिथून कधीही हलणार नव्हता. खऱ्या खिडकीतले ऊन त्या वेळी नेमके उलट बाजूने येत होते. डोळ्यांना ही विसंगती कळत होती. मला मात्र ती शब्दांत सापडायला ताप यावा लागला. बाहेर बसल्यावर जे सुख वाटते त्यात झाड असते, दगड असतो, गवत असते हे खरेच, पण त्याहून मोठा वाटा असतो तो सतत चाललेल्या बारीकसारीक बदलांचा. ढग सरकतो, झुळूक येते, पान उलटते, सावली लांबते, माती तापते आणि निवते. मी वस्तू आणल्या होत्या आणि हे सगळे बाहेरच ठेवले होते.

बरे वाटल्यावर वॉलपेपर काढला. (तो लावायला जेवढा वेळ लागला होता त्याच्या तिप्पट काढायला लागला, हे जाता जाता सांगून ठेवते.) त्यानंतर मात्र कोणतीही खरेदी करायची नाही, आधी खोलीत काय काय घडते ते पाहायचे, असे ठरवले. एका रविवारी सकाळी आठ वाजता खिडकीतून जमिनीवर पडलेल्या उन्हाची कड मी खडूने आखली आणि शेजारी वेळ लिहिली. मग दर तासाला एक रेघ. सूर्य आकाशात तासाला 15 अंश सरकतो हे शाळेत शिकलेले असते, पण आपल्याच फरशीवर ते उमटताना पाहणे ही वेगळीच गोष्ट आहे. नऊ वाजता उन्हाचा चौकोन शोकेसच्या पायाशी होता, दहा वाजता खोलीच्या मध्यावर आला, अकराला तिरका झाला आणि साडेबारापर्यंत आक्रसत खिडकीच्या चौकटीत परत गेला. संध्याकाळी त्या वेड्यावाकड्या नकाशाकडे पाहिल्यावर ध्यानात आले की दिवसातले सगळ्यांत सुंदर ऊन सोफ्याच्या पाठीवर पडत होते. सोफा खिडकीकडे पाठ करून ठेवलेला होता, कारण समोरच्या भिंतीवर टीव्ही होता. म्हणजे गेली कित्येक वर्षे आम्ही सगळे बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून बसलो होतो आणि त्या पाठीमागे मी पानांची चित्रे चिकटवत होते.

ज्यांना घरात बाहेरपण हवे आहे त्यांना मी आता पहिला सल्ला हाच देते, की काहीही विकत घेण्याआधी एक खडू घ्या. शक्य असल्यास हा उद्योग वर्षातून दोनदा करावा, कारण आकाशातली सूर्याची उत्तर-दक्षिण जागा वर्षभरात सुमारे 47 अंशांनी बदलते आणि एका ऋतूत खोलीच्या मध्यापर्यंत येणारे ऊन दुसऱ्या ऋतूत कठड्यावरूनच माघारी फिरते. माझ्या पहिल्या नकाशावर विसंबून मी जी वाचनाची खुर्ची ठेवली होती, तिच्यावर सहा महिन्यांनी उन्हाचा मागमूसही नव्हता. तेव्हापासून ती खुर्ची वर्षातून दोन वेळा जागा बदलते आणि खरे तर त्या बदलाचीही आता मजा वाटते.

प्रकाशाच्या बाबतीत आपले डोळे आपल्याला सपशेल फसवतात. भर दुपारी उघड्यावर सुमारे 1,00,000 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) उजेड असतो, त्याच वेळी झाडाच्या सावलीत तो 10,000 ते 20,000 च्या घरात असतो, आणि रात्री दिवे लावलेल्या आपल्या बैठकीत बहुधा 100 ते 300. एवढी मोठी दरी असूनही ती आपल्याला जाणवत नाही, कारण बाहुली आकुंचन-प्रसरण पावते, दृष्टिपटलही जुळवून घेतो आणि दोन्ही ठिकाणी आपण म्हणतो, ‘छान उजेड आहे’. मी फोनमधल्या एका कामचलाऊ मापकाने पाहिले तेव्हा खिडकीला लागून सुमारे 2,000 आणि खोलीच्या आतल्या कोपऱ्यात शंभराच्याही खाली आकडा दिसला. त्या कोपऱ्यातली झाडे वारंवार का मरत होती, याचे उत्तर त्यातच होते.

वास्तुरचनेत एक ढोबळ आडाखा वापरतात: जमिनीपासून खिडकीच्या वरच्या कडेपर्यंत जितकी उंची असेल, साधारण तिच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत उपयोगी पडेल असा दिवसाचा उजेड खोलीत शिरतो. म्हणजे उजेड खोलवर नेण्याचे काम खिडकीचा वरचा भाग करतो, आणि बहुतेक घरांत नेमका तोच भाग झालरीने, पेल्मेटने (पडद्याचा दांडा झाकणाऱ्या पट्टीने) किंवा अर्धवट ओढलेल्या पडद्याने झाकलेला असतो. आमच्याकडचे पेल्मेट काढून टाकले, पडद्याचा दांडा छताच्या जवळ नेला आणि तो चौकटीच्या दोन्ही बाजूंना हातभर जास्त लांब घेतला, जेणेकरून उघडलेले पडदे काचेवर न राहता भिंतीवर जाऊन विसावतील. एक दांडा आणि चार खिळे एवढ्यात खोलीला जो मोकळेपणा आला तो आधीच्या सगळ्या जंगलाने मिळून आणला नव्हता. खिडकीच्या काटकोनात असलेल्या भिंतीवर एक आरसाही लावला. तो खिडकीच्या थेट समोर लावण्याचा मोह होतो, पण तिथे तो डोळ्यांवर तिरीप मारतो. बाजूच्या भिंतीवर असला की चालता-बोलता डोळ्यांच्या कोपऱ्यात आभाळाचा तुकडा दिसतो आणि क्षणभर तिथे दुसरी खिडकी असल्यासारखे वाटते.

सोफा फिरवायला घरच्यांचा विरोध झाला. टीव्ही बाजूला गेला, आणि तो मान वळवून पाहावा लागतो ही तक्रार अजूनही अधूनमधून होते. माझी भूमिका पक्की होती, कारण बसण्याच्या जागेबद्दल ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ जे ॲपलटन यांनी 1975 मध्ये मांडलेला एक विचार मला फार पटलेला आहे. समोर दूरवर पाहता यावे आणि पाठीशी मात्र आडोसा असावा, अशी जागा माणसाला आवडते, कारण तिथून आपल्याला सगळे दिसते आणि आपण सहजासहजी कोणाला दिसत नाही. बागेत गेल्यावर माणसे मोकळ्या गवताच्या मध्यभागी बसण्यापेक्षा झाडाच्या बुंध्याला टेकून का बसतात, ते यातून उलगडते. घरातही तेच करता येते: पाठ भिंतीला, तोंड खिडकीकडे, शक्य असल्यास डोक्यावर काहीतरी उतरते, मग ते कपाटाचे पुढे आलेले छत असो की उंच झाडाचे झुकलेले पान. आमचा सोफा आता अशा जागी आहे, आणि पाहुणे आले की आपोआप त्याच्या त्या कोपऱ्यातच बसतात.

खिडकीबाहेर पाहण्यासारखे काही नसले तर काय, असे कोणी विचारेल. थोडेसे पुरते. 1984 साली संशोधक रॉजर उलरिक यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या 1972 ते 1981 या काळातल्या नोंदी तपासून एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या 23 रुग्णांना खिडकीतून झाडांचा एक पुंजका दिसत होता, ते विटांची भिंत दिसणाऱ्या तशाच 23 रुग्णांपेक्षा सरासरी सुमारे पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. अभ्यास लहान आहे आणि त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत, पण त्या रुग्णांना दिसत होता तो एक पुंजका होता, अरण्य नव्हे, एवढे मी लक्षात ठेवले आहे. आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाण्याचे पाइप दिसतात. खालच्या अर्ध्या तावदानापुढे लांबट कुंड्यांची रांग लावल्यावर पाइप झाकले गेले आणि वर आभाळ तेवढे उरले. नको ते झाकायचे आणि हवे ते चौकटीत धरायचे, एवढेच करायचे असते.

या कुंड्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी मी ठरवली नव्हती. त्यांतली एक वेल गजांवरून वर चढली आणि सकाळचे ऊन तिच्या पानांतून गाळून आत यायला लागले. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर रुपयाएवढे गोल गोल कवडसे पडले. पानांमधल्या फटी तर वेड्यावाकड्या, तिकोनी, चिरलेल्या; मग कवडसे गोल कसे? कारण प्रत्येक बारीक फट सुईच्या छिद्राच्या कॅमेऱ्यासारखे काम करते आणि भिंतीवर जे उमटते ते फटीचे नसून सूर्याचे चित्र असते. खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी झाडाखालचे सगळे कवडसे एकाच वेळी चंद्रकोरीसारखे होतात, ते याचमुळे. या चित्राचा व्यास फटीपासूनच्या अंतराच्या साधारण एकशेआठाव्या भागाएवढा असतो, म्हणजे पाने भिंतीपासून अडीच मीटरवर असतील तर कवडसा सव्वादोन सेंटीमीटरचा. मी फूटपट्टी लावून मोजला आणि तो तितकाच निघाल्यावर एकटीच हसले. वारा आला की हे शेदोनशे सूर्य भिंतभर थरथरतात, ढग आला की सगळे एकदम विझतात, आणि पुन्हा उमटतात. ज्या भिंतीवर मी पाने छापली होती ती हीच भिंत. आता तिच्यावर एक चौकटही टांगू देत नाही.

ज्यांच्या खिडकीत वेल वाढवता येत नाही त्यांनी वेताची किंवा बांबूची विरळ विणीची चटई पडद्यासारखी सोडून पाहावी, किंवा अगदी पातळ सुती पडदा. पातळ पडद्याचा खरा गुण असा, की तो वारा दाखवतो. वारा दिसत नाही, फक्त त्याने हलवलेल्या गोष्टी दिसतात, आणि जाड, अस्तर लावलेल्या पडद्यांनी भरलेल्या घरात वारा आला तरी आल्याचे कळत नाही.

आता झाडांकडे येते, कारण बाहेरचे आत आणायचे म्हटले की सर्वांत आधी लोक रोपवाटिकेत जातात आणि बहुतेकांचे हात तिथेच पोळतात. माझ्याकडे एके काळी 22 कुंड्या होत्या. आता 9 आहेत आणि घर पूर्वीपेक्षा हिरवे दिसते. घरात टिकणारी बहुतेक झाडे ही मुळात उष्ण प्रदेशातल्या घनदाट अरण्यांच्या तळाशी, मोठ्या वृक्षांच्या गर्द सावलीत वाढणारी असतात. म्हणून ती आपल्या मंद उजेडात तग धरतात. तग धरणे आणि वाढणे यांत मात्र फरक आहे. झीझी प्लांट जमिनीखालच्या जाड कंदांत पाणी साठवून ठेवते, स्नेक प्लांट पाण्याची वाफ वाया जाऊ नये म्हणून आपली पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडते. ही दोन्ही दुर्लक्ष सहन करणारी झाडे आहेत. फुलणाऱ्या झाडांची गोष्ट निराळी. ऊन नसलेल्या कोपऱ्यात फुलझाड ठेवणे म्हणजे त्याला सावकाश मारणे होय.

सगळ्यांच्या परिचयाच्या मनी प्लांटचे उदाहरण घेते. तो फ्रेंच पॉलिनेशियातल्या एका बेटावरून जगभर गेलेला आरोही वेल आहे. झाडाच्या खोडाला धरून तो वर चढतो तेव्हा त्याची पाने हाताएवढी, पुढे सुपाएवढी होतात आणि कडांना चिरतातही. आपण मात्र त्याला बाटलीत घालून कपाटावरून खाली सोडतो आणि खाली लोंबणाऱ्या वेलीची पाने दिवसेंदिवस लहान होत जातात. मी एका कुंडीत सालीसकट एक जाडसर फांदी रोवली, तिच्याभोवती ओलसर शेवाळ गुंडाळले आणि वेलीची टोके सुतळीने तिला सैल बांधली. दोन महिन्यांत पेराजवळच्या तपकिरी हवाई मुळ्यांनी शेवाळात शिरकाव केला आणि त्यानंतर आलेले प्रत्येक पान आधीच्या पानापेक्षा बोटभर मोठे निघाले. तीच वेल, तीच खिडकी. फक्त तिला तिच्या मूळ सवयीप्रमाणे वर चढू दिले.

घरातली झाडे पाणी न मिळाल्याने मरतात त्यापेक्षा जास्त पाण्याने मरतात. मुळांना प्राणवायू लागतो आणि मातीतल्या पोकळ्या कायम पाण्याने भरल्या की मुळे गुदमरून कुजतात. वर पाने मात्र कोमेजलेली दिसतात, आपल्याला वाटते झाड तहानले आहे, आणि आपण आणखी पाणी घालतो. माझी सात झाडे या एका गैरसमजाने गेली. आता बोटाचे दोन पेर मातीत खुपसून पाहते आणि कोरडे लागले तरच पाणी घालते. आणखी एक सर्वमान्य समजूत मी मोठ्या निष्ठेने पाळत असे, ती म्हणजे निचरा व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी खडीचा थर द्यायचा. प्रत्यक्षात बारीक मातीतले पाणी खालच्या जाड खडीत सहजी उतरत नाही, ते दोहोंच्या सीमेवर अडून राहते, आणि खडीने उंची खाल्ल्यामुळे चिखलाचा तो थर उलट मुळांच्या जवळ येतो. भोक असलेली कुंडी आणि भुसभुशीत माती पुरेशी असते. माती वरवर ओली राहिली की बारीक काळी चिलटेही होतात. त्यांच्या अळ्या मातीच्या वरच्या काही सेंटीमीटरमध्येच राहतात, त्यामुळे वरचा थर सुकू दिला की त्यांचा बंदोबस्त निम्मा होतो.

झाडे हवा शुद्ध करतात म्हणून ती घ्या, असे कोणी सांगितले तर मी आता नम्रपणे विषय बदलते. या समजुतीचे मूळ नासाच्या 1989 च्या एका अहवालात आहे, पण ते प्रयोग लहान, हवाबंद पेट्यांत केलेले होते. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अशा अनेक प्रयोगांच्या आकड्यांवरून हिशेब मांडला गेला, आणि साध्या वायुवीजनाने घरातली हवा जेवढी स्वच्छ होते तेवढी झाडांकडून करून घ्यायची तर दर चौरस मीटरला 10 ते 1,000 झाडे लागतील असे निघाले. म्हणजे खिडकी उघडणे सोपे. झाडे डोळ्यांसाठी घ्यावीत, त्यांच्यावर आणखी जबाबदाऱ्या टाकू नयेत. घरात रांगते मूल किंवा मांजर-कुत्रे असेल तर मनी प्लांट, मॉन्स्टेरा, डिफेनबॅकिया आणि पीस लिली उंचावर ठेवावीत, कारण त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि पान चावल्यास तोंडाची आग होते.

कुंड्या खोलीभर एक-एक विखुरण्यापेक्षा तीन-चार झाडे वेगवेगळ्या उंचीवर एकत्र ठेवावीत: एक उंच, एक झुडपासारखे पसरलेले, एक जमिनीलगतचे. रानातही झाडे अशीच एकमेकांच्या आडोशाने असतात. भिंतीवरच्या शेवाळाच्या चौकटी सध्या सर्वत्र दिसतात. त्यांतले शेवाळ बहुधा ग्लिसरीनमध्ये मुरवलेले असते, म्हणजे ते जिवंत नसते. ते वाईट दिसते असे नाही, पण माझ्या वॉलपेपरचा तो मऊ भाऊ आहे.

वस्तूंच्या पृष्ठभागाबद्दल मला एका सुताराने शिकवले, आणि तेही नकळत. खिडकीपाशी बैठक करण्यासाठी आम्ही लाकडाची एक अखंड फळी घेतली होती. रंधा मारता मारता ते थांबले आणि म्हणाले, “ताई, इथे गाठ आहे बघा. हा भाग कापून टाकतो, नाहीतर नजरेला खटकेल.” मी वाकून पाहिले. गाठीभोवतीच्या रेषा पाण्यातल्या दगडाला वळसा घालून जाणाऱ्या प्रवाहासारख्या वळल्या होत्या. कधीकाळी तिथून एक फांदी फुटली होती. “राहू द्या काका,” मी म्हटले. त्यांनी मान हलवली, पण त्या जागी पॉलिश मात्र इतर ठिकाणांपेक्षा अधिक मन लावून केले. त्यावर चमकदार थर न देता फक्त तेल चोळले आहे, त्यामुळे हात फिरवला की रेषा लागतात आणि पाण्याचा पेला ठेवला तर डाग पडतो. तो पडू देते.

लाकडासारख्या दिसणाऱ्या छापील लॅमिनेटबद्दल माझा आक्षेप श्रीमंती-गरिबीचा नाही. त्यात ठरावीक नमुने पुन्हा पुन्हा येतात आणि तीच गाठ चौथ्या फळीवर दिसली की डोळा दचकतो. निसर्गात एक गाठ दोनदा नसते. छापीलच घ्यायचे असेल तर लाकडाचे सोंग न करणारा साधा एकरंगी पृष्ठभाग मला अधिक प्रामाणिक वाटतो.

या बाबतीत अमेरिकी वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांनी 1935 मध्ये आराखडा केलेल्या धबधब्यावरच्या घराचा एक तपशील मला सतत आठवतो. त्या घराच्या दिवाणखान्यात जागेवरचाच एक खडक शेकोटीपुढे तसाच राखला आहे. आजूबाजूच्या दगडी फरशीला मेण लावून चकाकी दिली आहे आणि तो खडक मात्र मेण न लावता कोरडा ठेवला आहे. त्यामुळे वाहत्या ओढ्यातून एखादा सुका दगड वर आल्याचा भास होतो. ओढा घराखाली आहेच, पण त्याची आठवण आत येते ती केवळ मेणाच्या एका हाताने. असले घर कोणाच्या वाट्याला येत नाही, पण ओलसर चमक आणि कोरडा खडबडीतपणा शेजारी-शेजारी ठेवणे कोणालाही जमते. मी खिडकीपाशी एका काळ्याभोर चकचकीत थाळीत तीन-चार कोरडे गोटे ठेवले आहेत. दिसायला काहीच नाही, आणि येणारा प्रत्येक जण त्यांतला एक हातात घेतो.

रंगांबद्दल फार बोलण्यासारखे नाही. गडद हिरव्या भिंतीचा तोटा असा झाला, की तिच्यावरून परावर्तित झालेल्या उजेडाने सगळ्यांचे चेहरे आजारी दिसत. बाहेर हिरव्याच्या शेकडो छटा एकत्र असतात. डब्यातली एक छटा त्यांची जागा घेऊ शकत नाही. त्याऐवजी बाहेरची मांडणी उचलावी: सर्वांत गडद ते पायाखाली, मधले मातकट रंग नजरेच्या उंचीला, आणि सर्वांत उजळ ते डोक्यावर. चुन्याचा हात दिलेली भिंत किंचित ढगाळ, असमान दिसते आणि तिच्यावर कवडसे फार छान पडतात.

वीजेचे कारंजे मी महिन्याभरातच देऊन टाकले होते. त्याच्या मोटारीची घरघर पाण्याच्या आवाजापेक्षा मोठी होती आणि पाण्याचा आवाजही चार सेकंदांनी स्वतःला गिरवत असे. खिडकी उघडी ठेवली तर पाखरे, वाहने, पाऊस आणि शेजारच्या घरातले भांडण असे सगळे येते, पण ते एकदाही तसेच्या तसे परत येत नाही. वासाचेही तेच. पहिल्या पावसानंतरच्या मातीच्या वासाला 1964 मध्ये दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले. त्यातला एक मुख्य घटक म्हणजे मातीतले जिवाणू तयार करतात ते जिओस्मिन, आणि आपले नाक ते हवेच्या एक लाख कोटी भागांत अवघे काही भाग असले तरी ओळखते. या वासाच्या नावाने मिळणाऱ्या फवाऱ्यांची मुळीच गरज नाही. दुपारभर तापलेल्या मातीच्या कुंडीवर संध्याकाळी पाणी घातले की तो दारातून स्वतः आत येतो. मातीच्या कुंडीच्या बाहेरच्या बाजूला पांढरे क्षारही उमटतात. पूर्वी ते मी घासून काढत असे, आता नाही.

सूर्य मावळल्यावर काय, या प्रश्नाकडे मी उशिरा वळले, आणि खरे तर तिथे सर्वांत मोठी चूक होत होती. दिवसभर उजेड बदलत राहायचा, आणि सातच्या ठोक्याला छतावरचा 6,500 केल्व्हिनचा (केल्व्हिन हे दिव्याच्या रंगछटेचे माप) पांढराफेक दिवा लागला की बाराचे ऊन परत यायचे, तेही रात्री झोपेपर्यंत न हलणारे. बाहेर असे कधीच होत नाही. बाहेर संध्याकाळी उजेड आधी सोनेरी, मग तांबूस होतो, खाली उतरतो, आणि अंधारात जो काही प्रकाश असतो तो शेकोटीचा किंवा कंदिलाचा, म्हणजे कमरेखालून येणारा. आता अंधार पडल्यावर छताचा दिवा लावत नाही. बसल्यावर डोळ्यांच्या पातळीखाली येतील असे 2,700 केल्व्हिनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, तीन छोटे दिवे आहेत. त्यांतला एक उंच झाडाच्या कुंडीमागे जमिनीवर ठेवला आहे, त्यामुळे पानांच्या सावल्या छतावर पडतात. वाचायला स्वतंत्र दिवा लागतो, तो खुर्चीपाशी आहे. पहिले काही दिवस सगळे म्हणत होते की वीज गेल्यासारखे वाटते. नंतर एकदा कोणीतरी सवयीने छताचा दिवा लावला तेव्हा सगळ्यांनीच डोळ्यांवर हात धरले.

या सगळ्याची किंमत आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. उघड्या खिडकीतून धूळ येते, ती रोज पुसावी लागते. कोळी आले आहेत. दोन कोपरे त्यांना सोडून दिले आहेत. जोराच्या पावसात कोणीतरी धावत जाऊन झडपा लावते, आणि कोणी घरी नसले तर बैठकीची फळी भिजते. उन्हाने सोफ्याचे कापड विटायला लागले आहे, आणि गंमत अशी, की ते सरसकट विटलेले नाही; जिथे वेलीची सावली पडते तिथे मूळ निळा रंग टिकून आहे आणि जिथे ऊन पोचते तिथे तो आभाळासारखा फिका झाला आहे. परवा सोफ्यावर टाकायला जाड चादर आणली होती. ती अजून पिशवीतच आहे.